खळ लावलेली पऱ्हाटी

उमरेडहून नागपूरला येणारी एस.टी. सुटायच्या बेतात होती. मी खिडकीजवळची जागा पकडून, मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन, आता नागपूरपर्यंत मस्त झोप काढायची अशा पक्क्या इराद्यानं बसलो होतो. कंडक्टर चढला, तो आमचा मोरेश्वर. आमच्या शाळेतून शिकून गेलेला, आता मिशा राखणारा, दोन लेकरांचा बाप. माझ्याजवळ आला, तिकीट फाडायला हात उचलला आणि हात तसाच राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "सिंधूबाई गेल्या. आज सकाळी. झोपीतच गेल्या म्हणतात." मग त्याला घंटी मारायचं सुचेना. गाडी उभी. पुढून ड्रायव्हर ओरडून राहिला, "अबे, मार ना घंटी!" मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण गेलं गा?" मोरेश्वरनं वळून अख्ख्या गाडीला सांगितलं, "आमच्या शेतीच्या बाई." आणि तो हसला. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मीही हसलो. गाडीतल्या लोकांना आम्ही दोघं वेडे वाटलो असू... पण शेतीच्या बाई म्हटलं की आमच्या शाळेतून गेलेला कोणीही माणूस आधी हसतो आणि मग रडायचं असेल तर रडतो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. हसायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसलो.

सिंधूबाई उमरेडकर आणि मी एकाच शाळेत होतो. सक्करदऱ्याच्या अलीकडे, विणकरांच्या वस्तीत. मी ड्रॉइंग मास्तर, बाई तिसरी-चौथीच्या. अंगानं अशा काडीसारख्या की वाऱ्याच्या दिवशी आम्ही त्यांना खिडकीपासून लांब बसवायचो. आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. बाईंनी वर्गात "बसा" म्हटलं की बाहेरच्या रस्त्यावर सायकलवाला उतरून खाली बसे. एकदा गाय बसली. मी डोळ्यानं पाहिली आहे, आणि ती गाय आपल्या शाळेतली नव्हती. आता ज्या बाईला अख्खा सक्करदरा शेतीची बाई म्हणून ओळखत होता, तिच्या बापजाद्यांत कोणी नांगर धरलेला नव्हता. उमरेडच्या विणकराची लेक. मागाखालच्या खड्ड्याशेजारी रांगायला शिकलेली, बापाच्या धोट्याच्या आवाजावर झोपणारी. कुदळ कोणत्या बाजूनं धरतात हे तिला मीच सांगितलं, आणि मी ते एका चित्रावरून सांगितलं.

झालं असं, की साठ-सत्तरच्या मधल्या कोणत्या तरी वर्षी वरून हुकूम आला : लहान पोरांना माती, पाणी, पीक यांचे धडे द्या. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, हा विषय कोण घेणार? त्याबरोबर सगळे मास्तर छताकडे पाहू लागले. त्या छतात इतकं पाहण्यासारखं काही आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एकट्या बाई हेडमास्तरांकडे पाहत राहिल्या, आणि विषय त्यांच्या गळ्यात पडला. "चालते," बाई म्हणाल्या, "पण सर, पुस्तकातली शेती मी शिकवणार नाही. मले वावर पायजे." हेडमास्तर गमतीत म्हणाले, "घ्या की! मागचं ग्राउंड तुमचं." बाईंशी गंमत करायची नसते हे त्यांना नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौथीच्या वर्गाला पहिला प्रश्न विचारला. मी शेजारच्या वर्गात फळ्यावर पोपट काढत होतो, मधे फक्त बांबूचा तट्ट्या, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "सूत कुठून येते?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "विणकर सोसायटीतून!" "अन् सोसायटीत?" "गिरणीतून!" "अन् गिरणीत कुठून येते?" मग दौलतबुवांची चंद्रकला, जी पुढं या गोष्टीतली मोठी पुढारी होणार आहे, ती म्हणाली, "टरकातून." बाई मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या, त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की माझ्या पोपटाची चोच वाकडी झाली. "मास्तर, या पोट्ट्यायचा जन्म सुतात गेला. घरी सूत, गल्लीत सूत, केसात सूत. अन् यायले वाटते सूत टरकाले लागते!" मग म्हणाल्या, "मी तरी कुठं जवळून पाहिली आहे पऱ्हाटी... चला, संगच पाहू."

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, तर कापूस लावायचा ठरला. आता ते ग्राउंड कसं होतं ते सांगतो. नुसता मुरूम. असा कडक, की मी स्वतः कुदळ मारली तर ती उसळून माझ्याच हातातून निघाली आणि तिसरीच्या वर्गाच्या कौलावर जाऊन बसली. गावभरच्या शेळ्या तिथं फिरायच्या, पण खायला नव्हे, फक्त हवा घ्यायला. आणि त्या ग्राउंडवर एका कोळशाच्या शेठजींचा डोळा होता. उमरेडच्या बाजूनं येणारा कोळसा उतरवायला त्यांना वस्तीजवळ वखार हवी होती. वॉर्डाचे पुढारी भाऊसाहेब त्यांच्या बाजूनं होते. दोघं एक दिवस शाळेत आले, ग्राउंड पायानं मोजल्यासारखं फिरले आणि भाऊसाहेब म्हणाले, "जागा तं रिकामीच आहे." बाई पुढं झाल्या. "रिकामी नाही. इथं वावर आहे." भाऊसाहेबांनी त्या मुरमाकडं पाहिलं, शेठजींकडं पाहिलं, आणि दोघं इतके हसले की शेठजींना पाणी द्यावं लागलं. "बाई," भाऊसाहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत इथं मले फुटलेलं बोंड दाखवा. मी पुऱ्या वस्तीसमोर हात जोडतो अन् जागा शाळेची. नाही तं दिवाळीनंतर कोळसा." आता पोरांसमोर असं बोलायचं असतं का? सगळ्या चौथीनं ऐकलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरी बातमी पोचली, की बाईनं शेठशी पैज लावली. बाईंनी काही लावली नव्हती, पण आता लागली होती. बोंड आलं नाही तर ज्या पोरांना वावर दाखवायचं कबूल केलं त्यांना वखारीतली काळी धूळ दाखवावी लागणार होती, आणि तीसुद्धा वर्गाच्या खिडकीतून, वर्षभर.

आई-बाप काही बाईंच्या बाजूचे नव्हते. चंद्रकलाचे वडील दौलतबुवा, वस्तीतले जाणते विणकर, हातात धोटा नसला की चिडणारे, ते शाळेत येऊन सरळ म्हणाले, "बाई, पोट्टीले शाळेत धाडतो ते शाई लागावी म्हणून. माती काहून लावून राहिल्या? आमच्या खानदानीत कोणाचं वावर नाही, अन् होणार बी नाही." बाई म्हणाल्या, "बुवा, तुम्ही पन्नास वर्षं ज्याचं खाऊन राहिले, त्याचं तोंड तरी पाहा कधी." बुवांना राग आला. पण त्यांनी चंद्रकलाचं नाव काही शाळेतून काढलं नाही. बाई बोलल्यावर नाव काढायला घरी जाऊन आवाज साफ करावा लागे, तो कोणाचाच होत नसे.

मातीचा प्रश्न बाईंनी तलावाकडून सोडवला. उन्हाळ्यात सक्करदऱ्याचा तलाव आटला होता आणि कडेला काळाशार गाळ फुटून पडला होता. बाईंनी पोरांना काठावर बसवून सांगितलं, की पावसाचं पाणी सगळीकडची चांगली माती वाहून इथं आणते. तलावाचं पोट मातीनं भरलं तर पाणी कुठं राहणार? "त्याच्या पोटातलं काढा, आपल्या वावरात टाका. त्याचंही भलं, आपलंही." झालं. पाऊस लागायच्या आत, रोज शाळा सुटल्यावर, सक्करदऱ्याच्या पोरांनी गाळ वाहिला. घमेल्यात वाहिला, टोपीत वाहिला, डब्यात वाहिला, एकानं बापाच्या लग्नाच्या फेट्यात वाहिला आणि त्याचं बापानं काय केलं ते इथं लिहीत नाही. मी सांगतो तलाव इतका खोल झाला, की पुढच्या वर्षी त्यात पडलेली म्हैस दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी वर आली, आणि रवंथ करत आली.

पेरणी मात्र फसली. कारण पोरं विणकरांची. बाईंनी सांगितलं, ओळीत पेरा. आता विणकराच्या पोराला ओळ म्हणजे काय ठाऊक? ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे. एकाला एक चिकटून, मधे नख जाणार नाही असे. पोरांनी सरकी अशी पेरली, की उगवल्यावर ग्राउंडवर हिरवं धोतर वाळत घातल्यासारखं दिसू लागलं. सगळी वस्ती खुश. काय दाट आहे! बाईही खुश. मग कळमेश्वरकडच्या खेड्यातून आमच्या शिपायाचा मेहुणा आला, त्यानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अजी बाई, हे गुदमरून मरन ना! दहातले नऊ उपटा." पोरं रडायला लागली. विणकराच्या पोराला धागा तोडायला सांगणं म्हणजे... चंद्रकलानं तर आपल्या ओळीवर आडवी झोपून घेतलं. बाई तिच्या शेजारी मातीत बसल्या. म्हणाल्या, "चंदे, मागावर तू धागे जवळ घेते कारण सूत झालेलं असते. हे अजून झालं नाही वं. याले हात-पाय पसरून झोपू दे." चंद्रकला उठली. उपटलेली रोपं पोरांनी शेळ्यांना घातली, आणि त्या शेळ्या पहिल्यांदाच त्या ग्राउंडवरून पोट भरून गेल्या.

पाण्याचंही तसंच. नळाला धार अशी की मुंगीनं अंग धुतलं तर संपावी. बाईंनी नियम केला : शाळेत येताना जो तो हात-पाय धुणार, पण नळाजवळ नाही, वावराच्या बांधावर. पिण्याच्या माठाखालचं, पाटी पुसायचं, रंग धुतलेलं माझ्या ड्रॉइंगच्या वाट्यांतलं पाणीसुद्धा तिथंच. शेवटचं मी बंद करवलं, कारण मला वाटलं बोंडं निळी निघतील. पाऊस मधे दडून बसला त्या आठवड्यांत शेजारच्या वस्त्यांतली रोपं वाळली, आमची उभी राहिली. नागपुरात इतकी स्वच्छ पायांची शाळा दुसरी नव्हती.

आणि भादव्यात मावा पडला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. पानाखाली बारीक हिरवट-काळे किडे, तिळासारखे, आणि सगळं पान चिकट. दोन-चार दिवसांत पानं वाटीसारखी वळली. झाडं ताप आलेल्या पोरासारखी दिसू लागली. मेहुण्याला बोलावलं. तो म्हणाला, पावडर मारा. एक माणूस पावडर घेऊन आलाही. बाईंनी डबा उघडला, वास घेतला आणि बंद केला. "माझी पोरं त्याच हातानं डबा खातात," त्या म्हणाल्या. "अन् त्या चिमण्या किडेच खाऊन राहिल्या पानावरचे. त्यायले काय सांगू, आज उपास करा?" तो म्हणाला, "मंग पीक गेलं समजा." बाई वर्गात आल्या, टेबलाशी बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज बारीक ऐकला. पोरांनी विचारलं, काय झालं बाई? त्या म्हणाल्या, "पऱ्हाटी कमजोर झाली रे. टिकते का नाही ठाऊक नाही." दिवाळी समोर होती. रस्त्याच्या तोंडाशी शेठजींनी कोळशाच्या वखारीची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. तिच्यातलं "को" चुकलं होतं, पण मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचलो तर ग्राउंडवर भुतं उभी! पांढरीफटक झाडं. पान, दांडी, सगळं पांढरं. आणि मधे आमची चौथी, कोपरापर्यंत चिकट, केसांत भात, हातांत बापांचे कुंचे. तुम्हाला पांजणी ठाऊक नसेल तर सांगतो. मागावर चढवायच्या आधी विणकर ताण्याचे लांबच्या लांब धागे गल्लीत ताणतो आणि त्यावर भाताची पातळ खळ कुंच्यानं फिरवतो. वाळली की सूत ताठ होते, तुटत नाही. घरात सूत कमजोर निघालं की मोठी माणसं एकच गोष्ट बोलतात : पांजणी करा. पोरांनी तेच केलं होतं. पहाटे उठून, आयांच्या हंड्यातली खळ चोरून, एकेक पान पांजलं होतं.

बाई आल्या. पाहिलं. मी मनात म्हटलं, आता ही बाई असा आवाज काढणार की तलाव पुन्हा आटणार. पण त्या एका पानावर बोट फिरवून बघू लागल्या. चंद्रकला कुंचा मागे लपवून पुढं आली. "बाई, सुताले खळ दिली का ताकद येते. मंग सुताच्या मायले काहून नाही द्यायची?"

बाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. हसतात की रडतात ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी काही न सांगता येणाऱ्या माणसांतला नाही.

ती बातमी गल्लीत पसरली आणि वस्तीतले आई-बाप हंडे शोधत शाळेवर आले. दौलतबुवा सगळ्यांच्या पुढं. "कुठं आहे ती पोट्टी? माझी पुरी खळ नेली, आता मी ताणा काय थुंकीनं पांजू?" ऊन कडक पडलं होतं. खळ वाळून पापडासारखी तडकत होती. आणि बुवा ओरडत असतानाच एका पानावरची खळ सुटली, खपली पडावी तशी खाली पडली. तिच्यासोबत, तिला चिकटलेला, सगळा मावा! पान खालून साफ. मग दुसरं पान. मग तिसरं. पोरं ओरडत धावत सुटली. चिमण्यांची तर लग्नाची पंगत बसली. बाईंनी नंतर मला सांगितलं, "मास्तर, हे नशीब होतं. ऊन नसतं, पाऊस आला असता, तं पानं सडून गेली असती. उद्या कोणी म्हणालं बाईनं शोध लावला, तं तुम्ही नाही म्हणा." आता बाई नाहीत, म्हणून मी तसं म्हणतो आहे. पण त्या दिवशी मी साऱ्या सक्करदऱ्यात शोधच लागला म्हणून सांगत फिरलो.

दौलतबुवा मात्र घरी गेले नाहीत. सगळे हंडे घेऊन परतले, बुवा तिथंच बसून राहिले. बाजूच्या एका झाडावर, माव्याच्या आधी धरलेलं, पहिलं बोंड, पुरतं फुटलं नसलं तरी, थोडंसं चिरलं होतं. बुवांनी गाड्यांत भरलेला कापूस पाहिला होता, गाठी पाहिल्या होत्या, पण झाडाला लागलेला, हिरव्या टरफलातून डोकावणारा कधी नव्हता पाहिला. त्यांनी दोन बोटांनी एक तंतू ओढला, चिमटीत पिळला. पिळता पिळता सूत झालं. बोटभर. ते त्यांनी उजेडात धरलं. "इतकंसंच असते का सुरुवातीले..." ते म्हणाले. पन्नास वर्षं त्यांनी हजारो लुगड्यांचं सूत हाताखालून घातलं होतं. मग आमच्याकडं न पाहता विचारलं, "बाई, दिवाळीले अजून वेळ आहे ना?"

दिवाळीला वेळ होता, पण शेठजींना नव्हता. सावरलेली पऱ्हाटी त्यांनीही पाहिली असावी. एक दिवस शाळा भरायच्या वेळी कोळशानं भरलेला ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा. मागे जीपमध्ये शेठजी. हेतू सरळ होता : एकदा कोळसा पडला की पुढचं पुढं. बाई धावत ग्राउंडच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. काडीएवढी बाई आणि डोंगराएवढा ट्रक. मीही तिच्या मागे उभा राहिलो. मी म्हणतो शेजारी उभा होतो, पण मागेच होतो.

आणि गल्लीत पाहतो तर काय! ट्रकची कुणकुण वस्तीला रात्रीच लागली असावी, दौलतबुवांनी ताणा घातलेला. नेहमीप्रमाणे आपल्या दारासमोर नाही, तर गल्लीच्या तोंडापासून वळवून, अख्ख्या ग्राउंडच्या कडेनं. त्याला लागून दुसऱ्या घराचा ताणा, मग तिसऱ्याचा. पांढरे धागे कमरेच्या उंचीवर, ऊन लागून तारांसारखे चमकत. बायका-माणसं दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत, गाणं म्हणत, जणू आज काही वेगळं नाहीच. ज्यांना आमची वस्ती ठाऊक नाही त्यांना सांगतो : घातलेला ताणा कोणी ओलांडत नाही. वाढलेल्या ताटाला पाय लावावा तसं ते. वरात आली तर घोडा वळतो, बँड दुसऱ्या गल्लीनं जातो. मयत आली तरी खांदेकरी वळसा घालतात.

शेठजी जीपमधून उतरले. "अरे भाई, धागाही तो है! चलाओ गाडी!" ट्रकचा ड्रायव्हर उमरेडचा, त्याची सासुरवाडी विणकरांची. त्यानं इंजिन बंद केलं. "शेठ, तुम्ही म्हणान तं गाडी नाल्यातून नेतो. दगडावरून नेतो. ताण्यावरून नाही नेत." शेठजी दौलतबुवांकडं वळले. बुवा कुंचा न थांबवता म्हणाले, "बसा ना शेठजी. सायंकाळपर्यंत वाळते." शेठजी खरंच बसले. सायंकाळी ताणा गुंडाळला, तोवर दुसऱ्या घरानं आपले खांब रोवले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या. दिवाळीपर्यंत सक्करदऱ्यात इतकी पांजणी झाली, इतकी झाली, की त्या वर्षी विकलेली लुगडी बायकांना नेसवत नव्हती, उभी राहायची. ट्रक एक आठवडा थांबला आणि परत गेला. जाताना ड्रायव्हरनं उतरून बाईंना नमस्कार केला आणि थोडी सरकी मागून नेली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब आले. यायलाच लागलं, सगळी वस्ती बोलवायला गेली होती. ग्राउंडवर पांढरं-पांढरं. बोंडं अशी फुटली होती की एकेकाचा आकार... मी ड्रॉइंग मास्तर आहे, मोजून सांगतो, नारळाहून थोडंच लहान. भाऊसाहेब खाकरले आणि बाईंसमोर हात जोडायला लागले. बाईंनी तो गिरणीचा भोंगा काढला, जो भादव्यापासून बंद होता : "मले नाही! पऱ्हाटीले जोडा!" भाऊसाहेबांनी जोडले. कापसाच्या झाडापुढं, वाकून. चौथीनं असा जल्लोष केला की बगळे तलावावरून उठले ते उमरेडला जाऊन बसले. शेठजींना पुढं दुसरीकडे वखार मिळाली, ती छान चालली. आम्हाला त्यांच्याशी काही वैर नव्हतं, आमचं वैर जागेसाठी होतं आणि जागा आमची झाली होती.

त्यानंतर दर वर्षी त्या वावरात काही ना काही लागलं. कापूस, तूर, एका वर्षी धान. बाई निवृत्त झाल्या तरी पेरणीला येत. पोरांना धोट्याइतकीच कुदळही धरता येऊ लागली. कोणी शेतकरी झालं नाही, हेही खरं. मोरेश्वर कंडक्टर झाला, चंद्रकला नर्स झाली. पण मोरेश्वरच्या गाडीत कोणी खिडकीतून पाणी फेकलं तर तो गाडी थांबवून त्याला उतरवतो म्हणतात. मला हे फार वाढवून सांगितल्यासारखं वाटत नाही.

पैजेनंतरच्या वर्षी तिथं डांबरी सडक आली. आखणी सरळ होती, ग्राउंडचा कोपरा कापून जाणारी. रोडवाले आले, रोलर आला, आणि त्या सकाळी कोणाचा तरी ताणा घातलेला होता. त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही. शेवटी मुकादमानं पाहिलं, की इथं सगळे जण एका वळणानं जातात, सायकली, बैलगाड्या, म्हशी, आणि त्यानं सडकही त्या वळणानंच नेली. सरळ येणारी सडक शाळेजवळ एकदम पोट आत घेते आणि वावराला वळसा घालून पुन्हा सरळ होते. आता गल्लीत माग थोडे उरलेत. ताणा कोणी घालत नाही. नवे रिक्षावाले विचारतात, इथं सडक वाकडी काहून आहे? आणि वळतात.

त्या दिवशी मोरेश्वरनं शेवटी घंटी मारली, गाडी सुटली आणि मी पोचलो तेव्हा बाईंना बाहेर आणत होते. खांद्याला चौथीच्या वर्गातली ती सगळी पोरं, आता मिशांची. पुढं चंद्रकला, रडत नव्हती, लोकांना बाजूला करत होती. वावरात तूर कमरेपर्यंत आलेली. शाळेजवळ सडक वाकली, आणि खांदेकरीही वळले, कोणी सांगितलं नाही, मधे कोणाचा ताणा घातलेला नव्हता. आयुष्यभर बाईंनी कोणासाठी वळसा घातला नव्हता. शेवटी एकदाच घातला, तोही स्वतःच्याच वावराला.